थंड वाळवंटातील परसबाग : नियोजनाची सुरुवात हिवाळ्याच्या ताटापासून

महाराष्ट्रात पोषण परसबागेची आखणी बहुधा पाण्यावरून ठरते. सांडपाणी किती, उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकते का, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की वाफे आखले जातात आणि वर्षाचे बाराही महिने काही ना काही लावता येते. देशाच्या उत्तर टोकाला, लडाखमध्ये, याच कामाला हात घालताना पहिला प्रश्न वेगळा असतो : जमीन किती दिवस गोठलेली नसते?

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षभरात पाऊस व बर्फ मिळून तेथे १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाऊ शकते. उघड्यावर भाजीपाला वाढतो तो साधारणपणे मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. पुढे झोजी ला आणि मनालीकडील उंच खिंडी बर्फाने बंद होऊ लागल्या की ताजी भाजी मुख्यतः विमानाने येते आणि तिची किंमत सामान्य कुटुंबाला परवडतेच असे नाही. म्हणून येथील परसबागेचे यश जुलैच्या हिरव्यागार वाफ्यांवरून मोजून भागत नाही. फेब्रुवारीत घरातील मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या ताटात भाजी होती की नाही, हाच तिचा खरा निकष आहे. नियोजनही तेथूनच, म्हणजे हिवाळ्यापासून उलट दिशेने करावे लागते.

आधी गरज मोजावी, मग जमीन

उदाहरणादाखल पाच जणांचे कुटुंब घेऊ. दर माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली, तर कुटुंबाची रोजची गरज दीड किलो होते. नोव्हेंबर ते एप्रिल या १८१ दिवसांसाठी ती सुमारे २७० किलो भरते. ही भाजी तीन वाटांनी मिळू शकते : साठवणीतून, हरितगृहातून आणि वाळवणातून. यांपैकी २०० किलो साठवणीतील कंदमुळे व कोबी, ४० किलो हरितगृहातील पाला आणि ३० किलो ताज्या भाजीइतके वाळवण, अशी विभागणी करता येईल. साठवणीत पाचवा हिस्सा सडणे वा सुकणे गृहीत धरले, तर खड्ड्यात प्रत्यक्ष २५० किलो माल ठेवावा लागेल. दर चौरस मीटरला सरासरी दोन किलो उत्पादन धरल्यास त्यासाठी १२५ चौरस मीटर, म्हणजे साधारण सव्वा गुंठा जमीन लागते.

हे आकडे घराघरांत बदलतील. पण हिशेब मांडला की एक गोष्ट स्पष्ट होते. उन्हाळ्यात खाण्याच्या भाज्यांना थोडी जागा पुरते. मोठा हिस्सा बटाटा, गाजर, सलगम, मुळा, कांदा आणि कोबी यांना द्यावा लागतो. रोपे मिळतील ती लावली आणि उरेल ते साठवले, या पद्धतीत सप्टेंबरमध्ये भाजीची रेलचेल होते आणि जानेवारीत टंचाई येते.

पेरणीची तारीख काढणीवरून

पुढची पायरी दिवसांच्या मोजणीची आहे. वसंतातील शेवटचे आणि शरदातील पहिले दहिवर, म्हणजे पानांवर गोठलेले दव, यांच्यामधले दिवस हा नाजूक पिकांचा हंगाम. टोमॅटो, काकडी, भोपळा, घेवडा, वांगी व मिरची ही पिके दहिवराने मरतात. त्यांना हे दिवस पुरले पाहिजेत. वाटाणा, पालक, मुळा, सलगम, गाजर आणि कोबी हलके दहिवर सोसतात, त्यामुळे त्यांचा हंगाम दोन्ही टोकांना थोडा लांबवता येतो.

साठवणीच्या पिकांची पेरणी मागे मोजून ठरवावी. गाजराची काढणी ३० सप्टेंबरला करायची आणि वाणाचा कालावधी १०० दिवसांचा असेल, तर पेरणी २२ जूनपर्यंत व्हायला हवी. रात्री थंड असल्याने वाढ रेंगाळते, त्यासाठी दोन आठवडे जादा धरले की तारीख ८ जूनच्या सुमारास येते. फार लवकर पेरलेले गाजर काढणीपर्यंत जून होऊन आत कठीण होते आणि उशिरा पेरलेले पोसत नाही. सलगम व मुळ्याचा कालावधी कमी असल्याने त्यांची पेरणी त्यामागून करावी. कोबी व फुलकोबीची रोपे मात्र उघड्या जमिनीच्या भरवशावर ठेवू नयेत. ती मार्चच्या सुमारास हरितगृहात तयार करून मे महिन्यात बाहेर लावल्यास दीड-दोन महिने हाती लागतात.

जागा निवडताना सूर्य आणि थंड हवा

लेहची थंडी उंचीमुळे आहे, ध्रुवाजवळ असल्यामुळे नव्हे. शहर ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऐन डिसेंबरातही दिवस पावणेदहा तासांच्या आसपास असतो, आकाश बहुतेक वेळा निरभ्र असते आणि विरळ हवेतून येणारे ऊन प्रखर असते. कमतरता प्रकाशाची नसून उष्णता धरून ठेवण्याची आहे. लडाखच्या हिवाळी शेतीचे सारे तंत्र या एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

डिसेंबरअखेर लेहमध्ये भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो. पुण्यात तो याच काळात सुमारे ४८ अंशांवर असतो. त्यामुळे सावल्या लांब पडतात. दोन मीटर उंचीच्या भिंतीची दुपारची सावली सव्वातीन मीटरपर्यंत जाते आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून बरीच लांब. हरितगृहाच्या दक्षिणेला असलेले घर, भिंत वा झाड त्याच्या उंचीच्या किमान अडीचपट अंतरावर असावे. जागेची पाहणी उन्हाळ्यात केली तर ही अडचण दिसत नाही. म्हणून ती हिवाळ्यातच करावी.

थंड हवा जड असते आणि रात्री पाण्यासारखी उताराने खाली वाहते. बागेच्या खालच्या बाजूला सलग भिंत असेल तर ती हवा तेथे तुंबते आणि तोच कोपरा प्रथम गोठतो. कुंपणात खालच्या बाजूला मोकळी वाट ठेवावी. उत्तरेकडील मातीची वा दगडी भिंत मात्र उपकारक ठरते. दिवसा शोषलेली उष्णता ती रात्री परत देते. भोपळा, घेवडा अशी नाजूक पिके तिच्या आडोशाला घ्यावीत.

खंदक आणि मातीच्या भिंतींचे हरितगृह

लडाखमध्ये दोन साधे प्रकार रुळले आहेत. पहिला खंदक हरितगृहाचा : सुमारे ३० फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट खोल चर खणून त्यावर विलो वा पॉप्लरच्या वाशांच्या आधाराने अतिनील किरणांना टिकणारे पॉलिथीन ताणतात. चारही बाजूंनी माती असल्याने उष्णता टिकते आणि खर्च कमी येतो. दुसऱ्या प्रकारात उत्तर, पूर्व व पश्चिम बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती असतात आणि दक्षिणेचा उतार पॉलिथीनने झाकतात. उत्तरेकडील भिंत आतून काळी केल्यास ती अधिक उष्णता शोषते. लेह येथील संरक्षण उच्च उंची संशोधन संस्थेने आणि कृषी विज्ञान केंद्राने अशा संरक्षित शेतीचा प्रसार केला आहे.

बांधकामाइतकेच रोजच्या देखभालीला महत्त्व आहे. सूर्य मावळण्यापूर्वी पॉलिथीनवर जुने ब्लँकेट, ताडपत्री किंवा दुसरे आवरण घालावे आणि ऊन आल्यावर काढावे. दुपारी थोडा वेळ झडप उघडावी. कोंडलेल्या ओलाव्यात बुरशी वाढते. पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी देऊ नये. हे काम बहुतेक घरांत स्त्रियाच करतात. त्यामुळे हरितगृह घरापासून दूर बांधू नये आणि आवरण एका व्यक्तीला उचलता येईल इतके हलके असावे. अन्यथा ऐन थंडीत देखभालीचा भार वाढतो आणि हरितगृह ओस पडते.

हिवाळ्यासाठी पालक, मेथी, कोथिंबीर आणि सॅलड यांची पेरणी सप्टेंबरमध्ये करावी. नोव्हेंबरपर्यंत रोपे सशक्त झाली तर कडाक्याच्या थंडीत ती तग धरतात आणि पाने खुडता येतात. डिसेंबरात पेरलेले बी उगवण्यातच आठवडे घालवते.

माती आणि पाणी

लडाखची जमीन वाळूमिश्रित असून तिच्यात सेंद्रिय अंश कमी आहे. शेण इंधनासाठीही लागते आणि थंडीत खत कुजण्यास फार वेळ लागतो. पुढच्या मे महिन्याचे खत आदल्या उन्हाळ्यातच खड्ड्यात भरावे. पारंपरिक कोरड्या शौचालयाचे खत पूर्ण कुजलेलेच वापरावे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये.

पाणी वितळणाऱ्या बर्फाचे, ‘युरा’ नावाच्या पाटांतून येणारे. गावात पाळीपाळीने वाटप करणाऱ्या व्यक्तीस ‘चुरपोन’ म्हणतात, तर पाणी साठवण्याच्या तळ्याला ‘झिंग’. एप्रिल-मे महिन्यांत पेरणीची घाई असते, तेव्हाच उंचावरचे बर्फ पुरेसे वितळलेले नसते. ही दरी भरून काढण्यासाठी चेवांग नॉरफेल यांनी कृत्रिम हिमनद्या आणि सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. परसबागेपुरते बोलायचे तर वसंतातील पाण्याच्या पाळीत भिजेल तेवढेच क्षेत्र लागवडीखाली घ्यावे. पाटाचे बर्फगार पाणी थेट रोपांना देण्याऐवजी काही तास उन्हात साठवून दिलेले बरे.

साठवण : दुसरी अर्धी बाग

जमीन जिथवर गोठते त्याखाली खणलेला खड्डा किंवा तळघर हे लडाखी घराचे जुने शीतगृह. बटाट्याला ४ अंशांच्या आसपास तापमान आणि अंधार हवा. उजेडात तो हिरवा व विषारी होतो. गाजर, मुळा व सलगम यांना शून्याच्या किंचित वरचे तापमान आणि ओलावा मानवतो. कांद्याला थंड पण कोरडी जागा लागते, म्हणून तो वेगळा ठेवावा. सफरचंदे गाजराजवळ ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने गाजर कडू होते. कंद न धुता, पाला देठाजवळ कापून, मातीच्या वा वाळूच्या थरांत ठेवावेत. जखमी कंद आधी खाऊन संपवावेत. दर पंधरा दिवसांनी पाहणी करून सडलेले काढावेत.

पालेभाज्या सावलीत वाळवल्यास रंग व जीवनसत्त्वे अधिक टिकतात. काश्मीर खोऱ्यात वांगी, दुधी व टोमॅटो वाळवून हिवाळ्यात शिजवण्याची परंपरा आजही जिवंत आहे.

नक्कल नको

काश्मीर खोरे, लाहौल, किन्नौर, उत्तराखंडचा वरचा भाग, तवांग या साऱ्या प्रदेशांत हिवाळा कडक असला तरी लेहचा आराखडा जसाच्या तसा तेथे उपयोगी पडणार नाही. श्रीनगर १,६०० मीटरच्या आतच आहे. थंडी सौम्य, परंतु हिवाळी आकाश ढगाळ आणि बर्फ अधिक. तेथे खंदकात पाणी साचू शकते आणि छपराला बर्फ घसरून पडेल इतका उतार द्यावा लागतो. थंडी किती, हे विचारण्याबरोबर ऊन किती आणि बर्फ किती, हेही विचारले पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्याने कुटुंबाची पहिली भेट फेब्रुवारीत घ्यावी. खड्ड्यात काय उरले, काय कधी संपले आणि काय सडले, याची नोंद करावी. शेवटचे व पहिले दहिवर कोणत्या तारखेला पडले, तेही त्याच वहीत लिहावे. अशा तीन-चार वर्षांच्या नोंदी त्या गावासाठी कोणत्याही छापील वेळापत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात. रस्ते अधिक काळ खुले राहू लागले, तरी घरच्या खड्ड्यातील गाजराला वाहतूक खर्च पडत नाही आणि खिंड बंद झाली म्हणून ते अडकतही नाही.