रुळांखालचा पैसा कुणाचा?

शाहूवाडी तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. गाडी पकडायची तर मलकापूरहून एसटीने कोल्हापूर गाठायचं, मध्यवर्ती स्थानकावर उतरून पिशव्या सावरत स्टेशनकडे चालायचं. नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरीला कोकण रेल्वे धरायची. कोल्हापूरच्या स्टेशनाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव आहे. कोल्हापूरपर्यंत हे रूळ आणले कुणी, आणि त्यासाठी पैसा कुणी घातला?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वे म्हणजे सावकारांचं रणांगण होतं. जे गूल्ड हा न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८६८ मध्ये व्हँडरबिल्ट हा बडा रेल्वेमालक एरी रेल्वेचा ताबा मिळवायला तिचे शेअर विकत घेत सुटला, तेव्हा गूल्ड आणि त्याच्या साथीदारांनी नवे शेअर छापून त्याच्याच गळ्यात मारले. १८९२ मध्ये गूल्ड वारला तेव्हा मागे सुमारे सात कोटी डॉलर होते.

मुंबईतला रेल्वेचा शेठ वेगळ्या मातीचा. जगन्नाथ शंकरशेठ, म्हणजे नाना, यांचा जन्म १८०३ मध्ये मुरबाडला झाला. अरब आणि अफगाण व्यापारी बँकेपेक्षा त्यांच्या पेढीवर विश्वास टाकून ठेवी ठेवत. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी संस्था उभी केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालक मंडळात ते बसले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या १४ डब्यांच्या गाडीत नानाही होते. शाळा, ग्रंथालयं, बाग, सगळीकडे हात सढळ ठेवणाऱ्या या माणसाबद्दल मनात आदरच दाटतो.

या रेल्वे कंपनीचा करार मात्र आदर वाटावा असा नव्हता. १८४९ मध्ये इंग्लंडमधल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी मिळाली. रेल्वेची कमाई कमी पडली, तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा! म्हणजे लंडनचा गुंतवणूकदार निर्धास्त, आणि तुटीचा भार ज्याने कधी इंजिन पाहिलंही नाही त्या सारा भरणाऱ्या शेतकऱ्यावर. गूल्डने निदान भांडवलदारालाच फसवलं होतं.

करवीर दरबाराने, म्हणजे कोल्हापूर संस्थानाने, तिसरी वाट धरली. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४८ किलोमीटरचा मार्ग संस्थानाने स्वतःच्या पैशातून बांधला. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. तेव्हा ते किशोरवयात होते आणि राज्यकारभाराचे अधिकार हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी धावली. चालवायला सदर्न मराठा रेल्वे होती, मालकी दरबाराची. तोटा झाला असता तर तो करवीरच्या तिजोरीचा, पण नफाही तिचाच. परक्या भागधारकाला हमी देण्यापेक्षा हा हिशेब कितीतरी स्वच्छ.

तिजोरी भरत होती ती रयतेच्या साऱ्यातून, हेही विसरून चालत नाही. रूळ सगळ्यांच्या दारात गेले नाहीत. पण १८९५ मध्ये महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरीची पेठ वसवली, आणि तिथे गुळाचा बाजार उभा राहिला. गुऱ्हाळावरून बैलगाडीत आलेल्या ढेपा तिथल्या अडत्याकडे उतरायच्या आणि पुढे वॅगनमधून मिरजेकडे जायच्या.