अपडेट आलं, पण लागलं का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात दारव्ह्याला एका शाळेत जाणं झालं. शाळेतले संगणक लिनक्स प्रणालीवर चालतात. तिथले गुरुजी हैराण झाले होते. म्हणाले, "भाऊ, तीन वेळा अपडेट केलं. तासभर डाउनलोड होतं, पट्टी भरत जाते. पण आवृत्ती पाहावी तर जुनीच! संगणक बिघडला की आमचंच काही चुकलं?"

संगणक बिघडला नव्हता. पण गुरुजींचा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे, म्हणून आज तोच घेऊ.

संगणकाच्या प्रणालीचा जो अगदी आतला भाग असतो, त्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे बीच्या आतला गर. आपल्या कापसाच्या मुलखात सांगायचं तर सरकीच्या आतला गर. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, डिस्क आणि प्रिंटरशी कोणी बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. लिनक्सचा कर्नल लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिहायला घेतला. विंडोजलाही स्वतःचा कर्नल आहे, आपल्या खिशातल्या मोबाइललाही आहे.

मुख्य गोष्ट अशी की संगणक सुरू होताना कर्नल डिस्कवरून उचलला जातो आणि स्मृतीत जाऊन बसतो. संगणक चालू असेपर्यंत तोच तिथं राहतो. तुम्ही नवा कर्नल आणलात, तर तो डिस्कवर येऊन पडतो. काम मात्र जुनाच करत राहतो.

आपल्या शकुंतला गाडीचं उदाहरण घ्या. यवतमाळ-दारव्हा-मूर्तिजापूर ही गाडी आता धावत नाही, पण तिचं वाफेचं इंजिन जाऊन १९९४ साली डिझेल इंजिन आलं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आता डिझेल इंजिन शेडमध्ये येऊन उभं राहिलं, म्हणून वाटेत असलेली गाडी काही डिझेलवर चालायला लागत नाही. गाडी थांबवावी लागते, जुनं इंजिन सोडून नवं जोडावं लागतं. संगणकाच्या बाबतीत हे थांबणं म्हणजे रीस्टार्ट. मोठ्या सर्व्हरवर चालत्या कर्नललाच ठिगळ लावायची सोय आता असते, पण ती मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती. आपल्यासाठी रीस्टार्टला पर्याय नाही.

तेव्हा अपडेट लागलं नाही असं वाटलं, तर पुन्हा डाउनलोड करत बसू नका. क्रमानं चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : आत्ता कोण चालू आहे? हे संगणकालाच विचारायचं. लिनक्सवर टर्मिनल उघडून 'यूनेम' हा शब्द, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून 'आर' हे अक्षर टाइप केलं, की चालू कर्नलचा क्रमांक येतो. विंडोजवर विंडोजची कळ दाबून धरून 'आर' दाबा आणि 'विनव्हर' लिहा. आलेला क्रमांक वहीत टिपून ठेवा. अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे असले, की तर्काला जागा राहत नाही.

दुसरा प्रश्न : रीस्टार्ट खरंच झाला का? भारनियमनाच्या काळात हे काम न सांगता वीजच करून देत असे! आता इन्व्हर्टर आले. आपण लॅपटॉपचं झाकण मिटतो आणि बंद केला असं समजतो. तो फक्त झोपतो, कर्नल तोच राहतो. विंडोजमध्ये आणखी एक मेख आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची एक सोय आहे. ती चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. त्यामुळे रोज संध्याकाळी संगणक बंद करणाऱ्याकडेही काही अपडेट लागू व्हायचे राहून जातात. 'रीस्टार्ट' निवडल्यावर मात्र कर्नल नव्यानं सुरू होतो. म्हणून अपडेटनंतर 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट'च निवडा.

तिसरा प्रश्न : नवा कर्नल डिस्कवर पूर्ण पोहोचला का? गुरुजींच्या संगणकाचं दुखणं नेमकं इथं होतं. लिनक्समध्ये कर्नल 'बूट' नावाच्या कप्प्यात राहतात. काही संगणकांवर हा कप्पा वेगळा आणि लहानसा असतो. दर अपडेटला नवा कर्नल येतो आणि अडीअडचणीला म्हणून जुनाही ठेवला जातो. जुने हटवले गेले नाहीत, तर कप्पा गच्च भरतो आणि नवा अर्धवट राहतो. जागा नसल्याची सूचना दर वेळी येत होती. पण ती इंग्रजीत, शेवटच्या ओळीत. मुलं खिडकी मिटून मोकळी होत. आम्ही फार जुने कर्नल काढले, तेही फाइली हातानं न पुसता, प्रणालीच्या ठरलेल्या आज्ञेनंच. चालू असलेला आणि त्याआधीचा एक, असे दोन राखले. अपडेट पुन्हा केलं, रीस्टार्ट केला आणि क्रमांक बदलला.

चौथा प्रश्न : सांधा कोणीकडे लावलेला आहे? संगणक सुरू होताना कोणता कर्नल उचलायचा हे बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम ठरवतो. लिनक्सवर बहुधा 'ग्रब' असतो. हा आपला सांधेवाला. त्याची यादी ताजी केली नसेल, किंवा जुनाच कर्नल कायमचा निवडून ठेवला असेल, तर नवा कर्नल डिस्कवर असूनही गाडी जुन्याच रुळावर जाते. एकाच संगणकावर दोन प्रणाली असल्या, तर कधी दुसरीचाच सांधेवाला कामावर असतो आणि पहिलीच्या नव्या कर्नलची त्याला खबर नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी म्हणेल. जुन्यावर काम चालतंय ना? चालतं. पण कर्नलच्या बऱ्याच अपडेटमध्ये सुरक्षेची छिद्रं बुजवलेली असतात. विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या, फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात असं एक छिद्र होतं. १४ मार्च २०१७ रोजी त्याची दुरुस्ती आली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा किडा त्याच वाटेनं जगभर पसरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामं खोळंबली. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. हे छिद्र आणि इतरही वाटा वापरून तो पसरला, आणि त्याच्या तडाख्यात आपल्या न्हावाशेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. वॉनाक्राय आला तेव्हा दुरुस्ती येऊन दोन महिने होत आले होते. ती ज्या यंत्रांवर लागू झाली नव्हती, ती उघडी राहिली. दुरुस्ती आणलीच नाही, की आणली पण सुरू केली नाही, असली चौकशी किडा करत नाही.

शाळेच्या संगणकात मुलांचे गुण असतात, सेवा केंद्राच्या संगणकात गावाचे आधार क्रमांक आणि सातबारे असतात. म्हणून एक साधी सवय लावून घ्या. अपडेट झालं की शेवटची ओळ वाचायची, रीस्टार्ट करायचा आणि क्रमांक वहीत लिहायचा. नव्यावर दोन-चार दिवस सगळं नीट चाललं, की मगच जुना काढायचा. प्रिंटर किंवा वायफाय रुसलं, तर परतीची वाट म्हणून तो उपयोगी पडतो.

गुरुजींनी आता फळ्याच्या कोपऱ्यात चालू कर्नलचा क्रमांक लिहायला सुरुवात केली आहे. दर महिन्याला तो मुलं तपासतात. बदलला नाही, तर कारण शोधायचं कामही मुलांचंच.