मोटारीवरचें एरिअल

सन १९८९ च्या जुलै महिन्यांत अंबा नदीला आलेला महापूर नागोठणें-जांभूळपाडा भागांतील लोक अद्याप विसरलेले नाहींत. अशा वेळीं रस्ता बुडतो, तारा तुटतात. खिशांतल्या फोनलाही मनोरा व वीज लागतेच. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेल्या हौशी बिनतारीवाल्याची मोटार अशा प्रसंगीं गांवाचा निरोप बाहेर पोंचवूं शकते. मात्र तिच्यावरील एरिअल नीट जुळविलेलें हवें. तें कसें जुळवितात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हौशी लोकांस नेमून दिलेल्या लहरींपैकीं दोन मीटरच्या लहरीस अर्ध्या मीटरची काठी पुरते. पण ही लहर बहुधा सरळ रेषेंत जाते, आणि नागोठण्याच्या पूर्वेस तर सह्याद्रि उभा! चाळीस मीटरची लहर आकाशांतील विद्युन्मय थरावरून परतून घाटापलीकडे थेट नागपुरापर्यंत उतरूं शकते. तिला मात्र पाव लहरीची, म्हणजे सुमारें दहा मीटरची, काठी पाहिजे. एवढी काठी मोटारीवर उभारून झाडांखालून जाणार कोण?

म्हणून अडीच मीटरची काठी घेऊन तिच्यांत तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवितात. आंखूड काठी कंडेन्सरसारखी वागते. वेटोळें उलट वागून तो दोष खोडून काढतें. मग शेंड्याची सळई किंचित् कमीजास्त करून जुळणी साधतात. वेटोळें तळाशीं बसविणें सोपें. पण मध्यावर असल्यास खालच्या भागांत प्रवाह अधिक राहून प्रक्षेपण सुधारतें.

नवशिका फसतो तो पुढेंच. अशा काठीचा प्रक्षेपण-रोध अवघा एक-दोन ओहम. वेटोळ्याचा व जमिनीचा व्यर्थ रोध त्याच्या कितीतरी पट. त्यामुळें बहुतेक शक्ति उष्णतेंत जाते. हा व्यर्थ रोध वाढून एकूण बेरीज यंत्राच्या तारेच्या पन्नास ओहमजवळ गेली, कीं मापकाचा कांटा मात्र उत्तम जुळणी दाखवितो! कांटा स्थिरावला म्हणजे निरोप पोंचला असें नव्हे. यास्तव वेटोळें जाड तारेचें असावें. टप, दारें व सांगाडा रुंद तांब्याच्या पट्ट्यांनीं जोडावे, कारण मोटारीचें लोखंडी अंग हाच एरिअलचा दुसरा अर्धा भाग होय. एवढें केल्यावर कांटा थोडा बिघडला, तर तें सुधारणेचेंच लक्षण समजावें व तळाशीं लहानसें वेटोळें जोडून तो पुन्हां जुळवावा.

काठी व वेटोळें भिजलें कीं जुळणी सरकते, हेंही ध्यानांत ठेवावें. मृगापूर्वीं आपण घर शाकारून घेतों. तसेंच हें कामही तेव्हांच उरकून, दूरच्या मित्राशीं प्रत्यक्ष बोलून पाहावें. पूर दारांत आल्यावर वेटोळें गुंडाळीत बसण्यास सवड कोठली?