मूत्ररोगी पुढे पाठविताना : तज्ज्ञाची निवड

उन्हाळा वाढू लागला की अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांत राबणारे अनेक रुग्ण मूत्राश्मरीच्या शूलाने व्याकूळ होऊन चिकित्सालयात येतात. गोक्षुर, वरुण, पाषाणभेद यांची योजना करून आपण त्यांना आराम देतो. पाच मिलिमीटरहून लहान अश्मरी बहुधा आपोआप पडूनही जाते. परंतु वेदनाशमन म्हणजे अश्मरीपतन नव्हे. अशाच एका शेतकऱ्याचा शूल थांबला म्हणून मी पुन्हा सोनोग्राफी करविली नाही. आठ महिन्यांनी पाहिले, तो अश्मरी मूत्रवाहिनीतच अडकलेली होती आणि त्या बाजूचा वृक्क निकामी झाला होता. चूक माझी होती. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात नूतन अश्मरी औषधसाध्य, तर वाढलेली शस्त्रसाध्य सांगितली आहे. रुग्ण शल्यतज्ज्ञाकडे पाठविणे हा वैद्याचा पराभव नसून शास्त्राज्ञाच आहे.

केव्हा पाठवावे? शूलासोबत थंडी वाजून ज्वर, मूत्र पूर्ण अडणे, एकच वृक्क असताना अवरोध, वाढलेले क्रिएटिनिन, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी. वेदनारहित रक्तमूत्रता औषधाने थांबली तरी तपासणी टाळू नये. तेथे अर्बुदाची शंका घ्यावीच, विशेषतः तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांत.

कोणाकडे पाठवावे? फलकावरील ‘मूत्रविकार तज्ज्ञ’ हे शब्द पुरेसे नाहीत. एम. एस. नंतर युरॉलॉजीतील एम. सीएच. अथवा डीएनबी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहावी. नेफ्रॉलॉजिस्ट हे वृक्काचे कायचिकित्सक, युरॉलॉजिस्ट हे शल्यचिकित्सक, हा भेद रुग्णास समजावून सांगावा. बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडणे, मूत्रमार्गातून दुर्बीण घालणे आणि पाठीतून छिद्र घेणे, या तिन्ही पद्धती तेथे उपलब्ध आहेत काय, हे विचारावे. एकच यंत्र असलेल्या ठिकाणी प्रत्येक रुग्णास तोच उपाय सुचविला जाण्याचा संभव असतो. नळी (स्टेंट) बसविल्यास ती काढण्याची तारीख आपल्या वहीतही नोंदवावी. विसरलेली नळी स्वतःच खड्याचे कारण होते.

आर्थिक अडचण असल्यास नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करावी. खासगी रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, तेही मूत्रशल्यासाठी, अंतर्भूत आहे काय, याची खातरजमा करावी.

सोबतच्या पत्रात रसौषधींसह सर्व औषधे, मधुमेह, रक्तदाब व जुने अहवाल यांचा उल्लेख असावा. औषध विक्रेते बंधूंनीही वारंवार वेदनाशामक गोळ्या मागणाऱ्यास थांबवून तपासणीचा सल्ला द्यावा. त्या गोळ्या वृक्कास घातक ठरू शकतात.

शेवटी एक स्पष्ट सांगावेसे वाटते. रुग्ण पाठविल्याबद्दल मोबदला देऊ करणाऱ्याकडे रुग्ण पाठवू नये. तज्ज्ञाची निवड रुग्णाच्या हितावरच व्हावी. गावाने आपल्यावर टाकलेला विश्वास हीच वैद्याची खरी मिळकत आहे.