लाखामागे किती शिपाई?

दिवाळीत घराला कुलूप लावून आपण निर्धास्तपणे फराळाला बाहेर पडतो. कोपऱ्यावर पोलीस शिपाई दिसला की बरे वाटते. पण त्याला आपल्या गावाच्या वाट्याला कोणत्या हिशेबाने दिले, हे विचारायचे काही सुचत नाही.

हिशेब वरवर सोपा आहे. घटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे सोपवला असल्याने कोणत्या जिल्ह्याला किती पदे, हे राज्य सरकार ठरवते. तुलना करायची ती लाख लोकसंख्येमागे. २०२२ च्या प्रारंभी देशात लाखामागे सुमारे १९६ पदे मंजूर होती. प्रत्यक्षात भरलेली होती सुमारे १५३.

आता आमचा परभणी जिल्हा घ्या. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या १८ लाख ३६ हजार, तालुके नऊ. एका टोकाला येलदरीचे धरण, दुसऱ्या टोकाला गोदाकाठचे गंगाखेड. समजा, एवढ्या मुलखाला आणखी शंभर शिपाई मिळाले. म्हणून शंभर ठिकाणी पहारा बसेल काय? एक जागा अहोरात्र राखायची म्हणजे आठवड्याला आठ-आठ तासांच्या २१ पाळ्या. साप्ताहिक सुट्टी धरून एक माणूस सहा पाळ्या करणार. म्हणजे साडेतीन माणसे हवीत. रजा, आजारपण, कोर्टाची हजेरी धरली की चार. शंभरांच्या झाल्या पंचवीस जागा! माणसे अपुरी पडली की पाळी बारा तासांवर जाते, आणि ही तूट शिपायाच्या घरची मंडळी सोसतात.

भाऊ वेगळे निघाले की दुसरी चूल मांडावी लागते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हा अधीक्षक, मुख्यालय, नियंत्रण कक्ष हा सारा संसारही दुसरा आला. त्यातही माणसे गुंतली. आषाढीला पंढरपूरच्या बंदोबस्तासाठी इतर जिल्ह्यांतून पोलीस जातात. त्या दिवसांत मागे ठाण्यात कितीजण उरले, हे लाखाच्या हिशेबात दिसत नाही.

आणखीही एक गोष्ट त्यात दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर परभणीत हिंसाचार उसळला. पुढे अटक झालेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर शहरात चर्चा झाली ती पोलिसांच्या संख्येपेक्षा त्यांच्यावरील विश्वासाची. निजामी अमदानीत आमच्याकडे ठाण्याच्या अधिकाऱ्याला ‘अमीन’ म्हणत. अमीन म्हणजे विश्वासू!

पदे वाटताना सरकारने माणसांबरोबर अंतर आणि बंदोबस्तही मोजावा, आणि आज ठाण्यात हजर किती, हे दाराशी फळ्यावर लिहावे. जिंतूरच्या तांड्यावरून रात्री आलेल्या बाईला निदान एवढे कळले पाहिजे की, आपली तक्रार लिहून घ्यायला आत कोणीतरी आहे.