मिठात जगणारे मदतनीस

कैरीचे लोणचे घालताना आई अजूनही मला बजावते, "मिठाला हात आखडू नकोस, बुरा येईल." त्यामुळे मीठ म्हणजे जंतूंचा शत्रू, एवढेच मला ठाऊक. परवा एम.एस्सी. करणारी माझी भाची हसून म्हणाली, "मावशी, काही जिवांना मीठच लागतं! लोणार आठवतं ना?"

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले, ते होते खारट पाण्यात वाढणारे, जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव.

आता याचा आपल्या हैदराबादशी काय संबंध? बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा इकडे ‘मंजीरा’ होते. पाटनचेरूच्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे नक्कावागू ओढ्यातून याच नदीकडे वाहिले. काठची शेती आणि विहिरी बिघडल्या. १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. इथल्याच राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला पाटनचेरूच्या मातीत क्रोमियम, आर्सेनिक, जस्त, तर काटेदानच्या मातीत शिसे वाजवीपेक्षा जास्त आढळले.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात क्षारही भरपूर असतात. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते ना, तसेच अशा पाण्यात साध्या जिवाणूंच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि ते तग धरत नाहीत. मीठप्रेमी जिवाणू मात्र पेशीत पोटॅशियम किंवा एक्टोइनसारखे पदार्थ साठवून तोल सांभाळतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित कण त्याला चिकटतात. काही जिवाणू तर पाण्यात सहज विरघळणाऱ्या विषारी क्रोमियमचे रूपच पालटतात. मग ते कमी घातक होते आणि गाळात बसते.

"म्हणजे प्रश्न सुटला की!" मी म्हटले.

"नाही मावशी. हे काम अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहे. शिवाय धातू नष्ट होत नाही, फक्त एका जागी गोळा होतो. तो गाळ पुढे माणसांनाच सांभाळावा लागतो."

तिचे हे बोलणे मनात घर करून राहिले. जिवाणू आपला पसारा आवरायला मदत करतील, पण तो नाहीसा करणार नाहीत. मुळात विष ओढ्यात सोडायचेच नाही, हा नियम त्यांच्या आधी येतो.

त्याच संध्याकाळी मी खण उघडला. संपलेले सेल, दोन जुने मोबाइल, एक बिघडलेला चार्जर. एरवी हे सगळे कचऱ्याच्या डब्यात गेले असते. आता पिशवीत भरून दाराशी ठेवले आहे, ई-कचरा केंद्रात द्यायला. तुमच्या खणात काय काय आहे, बघा बरे!