ओव्हरक्लॉकिंग करताय? आधी खोलीचं तापमान बघा

एप्रिल-मेमध्ये शिरूरचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत साधारण ८८ अंशांवर जातो.

व्होल्टेजचं काय?
उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून १.२५ चे १.३५ व्होल्ट केले, तरी ती सुमारे १७ टक्के वाढते.

मर्यादा किती?
रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरसाठी ९५ अंश, इंटेल कोअर आय९-१४९००के साठी १०० अंश. तिथे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जादा व्होल्टेजने होणारी झीज मात्र भरून येत नाही. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्यावर इंटेलने १.५५ व्होल्टची मर्यादा घातली.

म्हणून चाचणी भर दुपारी घ्या आणि ८५ अंशांच्या आत राहा.